वारावरून ठेवलेली नावं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोफी म्हणजे शुक्रवारी जन्मलेला, एतवारी म्हणजे रविवारी जन्मलेली, हे कळलं की पाठोपाठ बरेच प्रश्न येतात. त्यांतल्या बहुतेकांना एकच उत्तर सर्रास दिलं जातं: "पूर्वी लोकांना तारखा ठाऊक नसायच्या, म्हणून वारावरून नाव ठेवून मोकळे व्हायचे." हे उत्तर मला पटत नाही, आणि ते का पटत नाही ते खाली वाचताना लक्षात येईल.

वारावरचं नाव नक्की कशाला म्हणायचं? रवी, सोमनाथ, मंगल ही नावं त्यात येतात का?

नावात वाराचा शब्द असेल, किंवा नाव कसं असावं हे जन्मवाराने ठरत असेल, तर ते वारावरचं नाव. पहिल्या प्रकारात घानातला कोफी येतो. दुसऱ्यात म्यानमारमधली नावं येतात. त्यांत वाराचा शब्द नसतो, पण पहिलं अक्षर वार सांगतं.

रवी आणि सोमनाथ यांत येत नाहीत. वारांना ग्रहांची नावं मिळाली, तशी ती माणसांनाही मिळाली, एवढंच नातं. रवी बुधवारी जन्मलेला असला तरी कोणाला काही खटकत नाही. मंगल हे नाव तर बहुतेक वेळा 'शुभ' याच अर्थाने ठेवतात. मंगरू, बुधनी, सनीचर ही नावं मात्र वाराचीच. 'आदित्यवार' झिजून 'एतवार' झाला आणि त्याचं 'एतवारी' झालं, तेव्हा त्यात सूर्यदेव उरला नाही, वार उरला.

वारावरून नाव ठेवण्याची सगळ्यात पक्की पद्धत कोणाची?

अकान लोकांची. घाना आणि आयव्हरी कोस्टमध्ये राहणारे असांते, फांते वगैरे समाज अकानांत मोडतात. मूल जन्मलं की त्याचं एक नाव ठरलेलंच असतं, आईवडिलांनी निवडायचं काही नसतं. या नावाला 'क्रादिन' म्हणतात. 'क्रा' म्हणजे आत्मा आणि 'दिन' म्हणजे नाव. (आपल्या 'दिन'शी त्याचा संबंध नाही, उच्चार तेवढा जुळला.) आत्मा ज्या वारी या जगात आला, तो वार त्याच्याबरोबर राहतो अशी ही धारणा आहे. आधी मुलाचं, मग मुलीचं नाव:

रविवार: क्वासी, अकोसुआ
सोमवार: कोजो, अज्वोआ
मंगळवार: क्वाबेना, अबेना
बुधवार: क्वाकु, अकुआ
गुरुवार: याव, या
शुक्रवार: कोफी, अफिया
शनिवार: क्वामे, अमा

हे पाठ करायची गरज नाही, घडण पाहिली की पुरे. त्यांच्या भाषेत शुक्रवार म्हणजे 'फिदा'. त्यातला 'फि' घेऊन आधी 'को' लावला की कोफी झाला. आधी 'अ' आणि शेवटी 'आ' लावला की अफिया झाली. इतर वारांचंही थोड्याफार फरकाने असंच आहे. बोलीप्रमाणे रूपं बदलतात, म्हणून तीच अफिया फांतेंमध्ये एफुआ होते. शेजारच्या एवे लोकांत, घाना आणि टोगोमध्ये, कोजोचा कोद्जो आणि क्वामेचा कोमी झालेला दिसतो.

आता यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. अकानांच्या देवांनाही वार आहेत. सर्वोच्च देवाचं नाव ओन्यान्कोपोन क्वामे, म्हणजे शनिवारचा. पृथ्वी असांतेंकडे 'असासे या', म्हणजे गुरुवारची, म्हणून गुरुवारी जमीन खणायची नाही असा तिथला जुना नियम. फांते तिला 'असासे एफुआ' म्हणतात, त्यांच्याकडे तिचा वार शुक्रवार. लोककथांतला लबाड कोळी अनान्से आहे, त्याचंही पूर्ण नाव क्वाकु अनान्से, बुधवारचा. देवाची, पृथ्वीची आणि गोष्टीतल्या कोळ्याची जन्मतारीख कोणी विसरलं नव्हतं. वार हा त्यांच्या ओळखीचाच भाग आहे.

मग घरात एकाच वारची दोन मुलं झाली तर?

वाराचं नाव हे पूर्ण नाव नसतं. त्याच्या जोडीला दुसरं नाव असतं. ते आजोबांचं, एखाद्या मान्यवराचं किंवा जन्माच्या क्रमाचं असू शकतं. १९०० साली असांतेंनी इंग्रजांशी युद्ध केलं, त्याचं नेतृत्व करणारी एजिसूची राजमाता या असांतेवा. यातला 'या' म्हणजे गुरुवार आणि असांतेवा हे तिचं स्वतःचं नाव.

जुळ्यांचं उदाहरण तर फारच सुंदर आहे. संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान ८ एप्रिल १९३८ रोजी, शुक्रवारी, कुमासीत जन्मले. त्यांच्याबरोबर बहीण जन्मली, तिचं नाव एफुआ. दोघांच्या नावापुढे 'अता' हा शब्द होता, त्याचा अर्थ जुळं. कोफी अता आणि एफुआ अता. वार कोणता, मुलगा की मुलगी, आणि पाठीला पाठ लावून आणखी कोणी आलं का, एवढं सगळं त्या दोन-दोन शब्दांत मावलं.

प्रसिद्ध लोकांच्या जन्मतारखेचा वार काढला तर तो नावाशी जुळत नाही. असं का होतं?

पुष्कळदा वार बरोबर असतो आणि तारीख चुकीची. घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे न्क्रुमा यांची नोंदलेली जन्मतारीख २१ सप्टेंबर १९०९ आहे. तो मंगळवार होता, आणि मंगळवारचा मुलगा क्वाबेना व्हायला हवा. न्क्रुमांनी आत्मचरित्रात याचा उलगडा केला आहे. बाप्तिस्मा देणाऱ्या धर्मगुरूने ती तारीख अंदाजाने लिहिली होती. घरच्यांना पक्कं ठाऊक होतं ते एवढंच, की सप्टेंबरच्या मध्यावर, एका शनिवारी, दुपारच्या सुमारास मूल झालं. त्यावरून त्यांनी स्वतः हिशेब मांडला आणि १८ सप्टेंबर ही तारीख काढली. त्या वर्षी १८ तारखेला शनिवारच होता. म्हणजे कागदाने अंदाज केला आणि नावाने नेमकं सांगितलं.

बिरसा मुंडांच्या बाबतीतही असाच पेच आहे. मुंडांच्या तेव्हाच्या रीतीप्रमाणे बृहस्पतिवारी जन्मले म्हणून बिरसा, असं त्यांच्या चरित्रांतून सांगितलं जातं. सगळीकडे पाळली जाणारी जन्मतारीख मात्र १५ नोव्हेंबर १८७५ आहे, आणि तो सोमवार होता. तारीख आणि नावाची हकिकत, दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. न्क्रुमांचं उदाहरण पाहिल्यावर माझा कल वाराकडे आहे. तारीख लिहिणारे बाहेरचे असतात आणि बरेचदा नंतर लिहितात. नाव ठेवणारे त्या दिवशी घरातच असतात.

वार न जुळण्याचं आणखी एक साधं कारण आहे. दिवस कधी बदलतो यावर जगाचं एकमत नाही. ज्यू आणि मुस्लिम परंपरेत सूर्य मावळला की नवा वार लागतो. पंचांगात तो सूर्योदयाला लागतो. घड्याळ मध्यरात्र धरतं. गुरुवारी रात्री नऊला जन्मलेलं मूल एका हिशेबाने गुरुवारचं आणि दुसऱ्या हिशेबाने शुक्रवारचं ठरतं. जन्म रात्रीचा असेल, तर आधी घरची रीत विचारावी.

सगळीकडे आठवडा सात दिवसांचाच असतो का?

नाही, आणि हा या विषयातला फार गोड भाग आहे. नायजेरियातल्या इग्बो लोकांचा परंपरागत आठवडा चार दिवसांचा आहे. एके, ओरिये, आफो आणि न्क्वो. हे चारही बाजाराचे दिवस. त्यांवरून मुलगे ओकेके, ओकोरिये, ओकाफोर, ओकोन्क्वो. मुली म्ग्बेके, म्ग्बाफोर वगैरे. 'न्वा' म्हणजे मूल, त्यावरून न्वेके, न्वाफोर, न्वान्क्वो. पुढे यांतली बरीच नावं आडनावं झाली. नायजेरियन फुटबॉलपटूंच्या यादीत ती सहज सापडतात. न्वान्क्वो कानू यांचं तर पहिलंच नाव न्क्वोचं आहे.

जावा बेटावर पाच दिवसांचं चक्र आहे. लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. ते सात वारांच्या बरोबरीने चालतं. दोन्हींची जोडी जुळून तीच पुन्हा यायला पस्तीस दिवस लागतात, आणि त्या जोडीला 'वेतोन' म्हणतात. लेगीमान, पोनीमिन, वागीमान, वागीयेम ही नावं या पाच दिवसांवरून आली.

इंडोनेशियाचं राष्ट्रगीत रचणारे वागे रुडॉल्फ सुप्रातमान यांच्या जन्मतारखेवरून वाद आहे. सरकारी नोंदीत ९ मार्च १९०३ आहे, तर दुसरा पक्ष १९ मार्च म्हणतो. पहिल्या तारखेला सोमवार येतो, दुसऱ्या तारखेला गुरुवार. नावावरून निकाल लागेल म्हणून मी पाच दिवसांच्या चक्राचा हिशेब केला, तर दोन्ही दिवस वागेच निघाले! दोन तारखांत दहा दिवसांचं अंतर आहे, आणि दहा दिवसांत पाचाची दोन चक्रं पुरी होतात. या नावाने तारखेचा वाद सुटत नाही, पण नाव दोन्ही पक्षी खरं ठरतं.

म्यानमार आणि थायलंडमध्ये वाराचा नावाशी काय संबंध आहे?

मराठी वाचकाला ही पद्धत चटकन कळेल, कारण तिच्या मुळाशी आपल्या ओळखीची वर्णमाला आहे. म्यानमारमध्ये सोमवारला क-वर्ग दिलेला आहे: क, ख, ग, घ, ङ. मंगळवारला च-वर्ग, गुरुवारला प-वर्ग, शनिवारला त-वर्ग, शुक्रवारला स आणि ह, रविवारला अ. बुधवारचे दोन भाग करतात. सकाळी जन्म असेल तर ल आणि व, दुपारनंतर असेल तर य आणि र, आणि हा दुसरा भाग राहूचा मानतात. म्हणून तिथे वार आठ. यांगूनच्या श्वेडगोन पॅगोडाभोवती आठही वारांची स्थानं आहेत. आपापल्या जन्मवाराच्या ठिकाणी जाऊन लोक मूर्तीवर पाणी घालतात. सोमवारचा वाघ, मंगळवारचा सिंह, बुधवारी सकाळचा सुळेवाला हत्ती आणि दुपारचा बिनसुळ्यांचा.

ऊ थांट यांचं नाव बघा. 'ऊ' हा आदरार्थी शब्द, नाव फक्त थांट. उच्चार 'थ'चा असला तरी बर्मी लिपीत ते अक्षर 'स'च्या जागचं आहे, म्हणजे शुक्रवारचं. त्यांचा जन्म २२ जानेवारी १९०९ चा, आणि तो शुक्रवारच होता. ऊ थांट आणि कोफी अन्नान, संयुक्त राष्ट्रसंघाचे दोन सरचिटणीस, दोघेही शुक्रवारचे, आणि दोघांच्याही नावात तो शुक्रवार आहे. एक ब्रह्मदेशातून आलेला, दुसरा पश्चिम आफ्रिकेतून. हे पहिल्यांदा जुळवून पाहिलं तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता.

थायलंडमध्ये उलट बाजूने विचार करतात. प्रत्येक वाराला काही अक्षरं 'कालकिणी' म्हणजे अशुभ मानलेली आहेत, ती नावात घ्यायची नाहीत. सोमवारी जन्मलेल्यांना सगळी स्वरचिन्हं वर्ज्य. मग नाव काय ठेवणार? 'कमल'सारखं. थाई लिपीतही हा शब्द तीन नुसत्या व्यंजनांत लिहितात, त्याला एकही मात्रा लागत नाही. उच्चार तेवढा 'कमोन' होतो.

मुस्लिम समाजांत अशी नावं आहेत का?

भरपूर. शुक्रवारच्या नमाजामुळे 'जुमा' सर्वांत जास्त पसरलेलं. तुर्कस्तानात जुमा, पूर्व आफ्रिकेत जुमा आणि मुलीसाठी म्वाजुमा, आपल्याकडे जुम्मन आणि गुरुवारचा जुमेराती. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत गुरुवारवरून हमीसी आणि मंगळवारवरून जुमान्ने अशीही नावं आहेत.

उत्तर नायजेरियातल्या हौसा भाषेत सगळा आठवडाच नावांत आहे. मुलगी रविवारची लादी, सोमवारची तानी, मंगळवारची तलातू, बुधवारची लराबा किंवा लराई, गुरुवारची लामी, शुक्रवारची जुम्माई, शनिवारची असाबे. 'दान' म्हणजे मुलगा, म्हणून दानलादी, दानलामी, दानजुमा. वारांची मूळ नावं अरबीतून आलेली, तीही 'पहिला, दुसरा, तिसरा' अशा अर्थाची, पण हौसांनी ती अशी मुरवून घेतली की आता ती खास त्यांचीच वाटतात. कझाक लोकांतही दुयसेन, सेयसेन, सार्सेन, बेयसेन अशी सोमवार ते गुरुवारची नावं आहेत, त्यांत फारसी आकडे लपलेले आहेत.

आणि युरोपात?

तिथे मुख्यतः रविवार, शुक्रवार आणि शनिवार. लॅटिनमध्ये रविवार हा प्रभूचा दिवस, त्यावरून डॉमिनिक, इटालियन दोमेनिको, स्पॅनिश दोमिंगो. ग्रीकमध्ये त्याच अर्थाने किरियाकोस आणि किरियाकी. सर्बियन नेदेल्को आणि बल्गेरियन नेद्याल्को हेही रविवारचे. शुक्रवारची ग्रीक पारास्केवी, तिचीच सर्बियन पेत्का. ज्यूंमध्ये शब्बाथला जन्मलेल्या मुलाचं नाव शब्बेताई ठेवत.

यांतली बरीचशी आज संतांच्या नावाने चालतात. कोणी पारास्केवी असली तर ती शुक्रवारी जन्मलेली असेलच असं नाही. त्या नावाची संत आहे किंवा आजी होती, एवढंही पुरतं. जर्मन सोनटाग आणि फ्रायटाग, हंगेरियन सोंबात आणि पेंतेक ही वारांचीच आडनावं.

भारतात ही पद्धत कुठे दिसते?

झारखंड, छत्तीसगड, बिहार, पूर्व उत्तर प्रदेश. आदिवासी समाजांत आणि कष्टकरी जातींत जास्त. एतवारी, सोमारू, मंगरू, मंगरी, बुधू, बुधनी, सुकरू, सनीचर, सनीचरी. शाळेत नाव घालताना यांतली कितीतरी नावं बदलली जातात, कारण ती 'अडाणी' वाटतात. मला हे मनापासून लागतं. कोफी नाव ऐकून लोक कौतुक करतात आणि सुकरू ऐकून हसतात. शुक्रवार तोच आहे.

ही नावं समुद्रापार कशी गेली?

दोन वाटांनी, आणि दोन्ही वाटा दुःखाच्या. गुलामांच्या जहाजांतून अकान नावं कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत पोचली. मळेवाल्यांच्या वह्यांत ती इंग्रजांना ऐकू आली तशी उतरली: कोजोचा कजो, कोफीचा कफी, क्वासीचा क्वाशी. मालक मनाला येईल ते नाव ठेवत, तरी आया आपल्या मुलांना वाराची नावं देत राहिल्या. जमैकात मळ्यांतून पळालेले गुलाम डोंगरांत राहून लढत, त्यांना 'मरून' म्हणत. त्यांचा नेता कजो. १७३९ साली इंग्रजांना त्याच्याशी तह करावा लागला. बर्बीसमध्ये, म्हणजे आजच्या गयानात, गुलामांचा १७६३ चा उठाव कफीने उभा केला, आणि आज तो गयानाचा राष्ट्रीय वीर आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या पॉल कफी या जहाजमालकाचे वडील कोफी नावाचे अकान होते. मुलाने वडिलांचं हेच नाव आडनाव म्हणून घेतलं. सुरिनाममधल्या क्वासी नावाच्या वैद्याने एका झाडाचा औषधी उपयोग दाखवला, म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने त्या झाडाचं नाव क्वासिया ठेवलं. वनस्पतिशास्त्रात अशा रीतीने एक रविवार येऊन बसला. आणि याच क्वासीचं जमैकातलं रूप 'क्वाशी' गोऱ्यांच्या तोंडी 'मूर्ख' अशी शिवी झालं.

दुसरी वाट गिरमिटियांची, म्हणजे करारावर परदेशी नेलेल्या मजुरांची. १८३८ पासून भोजपुरी मुलखातले मजूर गयानात नेले गेले. बहुतेकांचं नाव एकाच शब्दाचं, आणि तेच पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. एतवारू, सोमारू, मंगरू, बुधू ही आज गयानातली आडनावं आहेत. त्या एका देशात कोफीचा शुक्रवार आणि एतवारूचा रविवार शेजारी शेजारी नांदतात.

'रॉबिन्सन क्रूसो'मधल्या फ्रायडेचं नाव याच पद्धतीचं का?

अजिबात नाही. १७१९ च्या त्या कादंबरीत क्रूसो ज्या दिवशी त्याचा जीव वाचवतो, त्या वाराचं नाव त्याला देतो. त्याचं स्वतःचं नाव काय, हे विचारतही नाही. अकान नावं आईच्या घरातून येतात, हे मालकाने लादलेलं आहे. दोन्ही एका रांगेत बसवू नयेत. अभिनेत्री ट्यूजडे वेल्डचं नावही वारावरून नाही. तिचं मूळ नाव सुझन, लहानपणी कोणीतरी बोबड्या बोलांत 'तू-तू' म्हणायचं, त्याचं पुढे ट्यूजडे झालं. तिचा जन्म शुक्रवारचा.

वाराप्रमाणे स्वभाव असतो का?

अकान समजुतीत सोमवारचा कोजो शांत आणि बुधवारचा क्वाकु तापट. गुस्ताव याहोडा या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली कुमासीतल्या मुलग्यांच्या नोंदी पाहिल्या, तर बालन्यायालयात क्वाकु अपेक्षेपेक्षा जास्त आणि कोजो कमी दिसले. मी यातून ग्रहांचा प्रभाव काढणार नाही. लहानपणापासून 'तू बुधवारचा, तापटच असणार' असं ऐकत वाढलेल्या मुलाकडे लोक त्याच नजरेने बघतात, आणि त्याचा परिणाम होतो, असं मला वाटतं.

अशा नावाच्या माणसाला जन्मवाराबद्दल विचारलं तर चालेल का?

घानात हा अगदी मोकळेपणाने विचारला जाणारा प्रश्न आहे. उलट तेच तुम्हाला तुमचा वार विचारतील आणि लगेच त्या नावाने हाक मारायला लागतील. म्हणून आपला वार आधी काढून ठेवलेला बरा.

तारखेवरून वार कसा काढायचा?

कागदही लागत नाही. कोणत्याही वर्षी ४ एप्रिल, ६ जून, ८ ऑगस्ट, १० ऑक्टोबर आणि १२ डिसेंबर यांचा वार एकच असतो. ९ मे, ११ जुलै, ५ सप्टेंबर, ७ नोव्हेंबर, ७ मार्च आणि फेब्रुवारीचा शेवटचा दिवस यांचाही तोच. जानेवारीसाठी ३ तारीख धरायची, लीप वर्षी ४. हा वार १९०० साली बुधवार होता आणि २००० साली मंगळवार. आपल्या सालाचे शेवटचे दोन आकडे घ्यायचे, त्यांत त्यांचा चौथा हिस्सा मिळवायचा (अपूर्णांक सोडून द्यायचा), सातने भागायचं, आणि बाकी उरेल तितके वार पुढे जायचं.

१९३८ घेऊ. अडतीसचा चौथा हिस्सा नऊ, बेरीज सत्तेचाळीस, सातने भागून बाकी पाच. बुधवारपासून पाच पुढे सोमवार. म्हणजे ४ एप्रिल १९३८ ला सोमवार, आणि ८ एप्रिलला शुक्रवार. मुलगा असेल तर कोफी, मुलगी असेल तर एफुआ.